फूल उघडायचं कसं आणि त्यात बघायचं काय

मी वनस्पतींची चित्रं काढते. पुस्तकांसाठी, भिंतीवरच्या तक्त्यांसाठी, अभ्यासकांच्या लेखांसाठी. बरीच वर्षं हेच काम करते आहे. जे मोजलं नाही ते काढता येत नाही, हे या कामात पहिल्याच वर्षी कळलं. पाकळीचा रंग जमतो, तिची घडी जमते, पण ती नेमकी कुठून निघते, दोन पाकळ्यांच्या मधे समोर काय येतं, हे बघितलेलं नसेल तर चित्र खोटं होतं.

माझं असं एक चित्र खोटं झालं होतं. जास्वंदीचा उभा छेद काढायचा होता. मधल्या लांब दांड्यावर मी पुंकेसर काढले आणि स्त्रीकेसराचा दांडा त्याच्या शेजारून स्वतंत्र वर नेला. दिसायला अगदी पटण्यासारखं होतं. चित्र तपासणाऱ्या बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी एक ताजं फूल आणि ब्लेडचं अर्धं पातं माझ्यापुढे सरकवलं. मी तो दांडा उभा चिरला तर तो आतून पोकळ निघाला, आणि त्या पोकळीतून बुडापासून टोकापर्यंत एक बारीक पांढरट धागा गेलेला होता. पुंकेसर नळीच्या बाहेरच्या अंगाला, स्त्रीकेसर नळीच्या आत. तोपर्यंत मी जास्वंद शेकडो वेळा पाहिली होती, पण तो धागा एकदाही पाहिला नव्हता.

तेव्हापासून कोणतंही फूल हातात आलं की मी आधी विचारते, हा भाग बसलाय कुठे? रंग फसवतो, आकार फसवतो, जागा सहसा फसवत नाही. वनस्पतीचे भाग पाठ करून लक्षात राहत नाहीत असं माझं ठाम मत आहे. एकदा बोटांनी वेगळे केले की मात्र विसरायचे म्हटले तरी विसरत नाहीत. म्हणून पुढचं सगळं फूल हातात घेऊन वाचा.

तयारी

ब्लेडचं अर्धं पातं घ्या. पातं कागदात गुंडाळूनच मोडा आणि धरायच्या बाजूला चिकटपट्टी लावा. शिवायची सुई, टोकदार चिमटा, एक पांढरा कागद, एक काळा कागद, ओला कापूस आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग. एवढं पुरतं.

भिंग धरायची पद्धत बहुतेकांची चुकते. आपण भिंग फुलाजवळ नेतो आणि स्वतः लांबून बघतो. उलट करायचं. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, ते हलवायचं नाही, आणि फूल हळूहळू भिंगाकडे आणायचं. दोन-तीन सेंटिमीटरवर आलं की ते एकदम लख्ख दिसतं. उजेड फुलावर पडला पाहिजे, डोळ्यावर नाही.

लहान मुलं बरोबर असतील तर कण्हेर, धोतरा आणि रुई यांच्यापासून सुरुवात करू नका. तिन्ही विषारी आहेत आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. कोणतंही फूल उघडलं तरी नंतर हात साबणाने धुवायचेच.

पहिलं फूल: एकेरी जास्वंद

पाच पाकळ्यांचीच जास्वंद घ्या. दुहेरी, गच्च भरलेली जास्वंद दिसायला देखणी असते, पण पहिल्या दिवशी ती गोंधळ घालते. का, ते शेवटी सांगते. सकाळी उमललेलं एक फूल आणि उद्या उमलेल अशी एक टपोरी कळी, दोन्ही हवीत. फूल देठासकट तोडा आणि देठाला ओला कापूस गुंडाळून ठेवा.

उघडायचं नेहमी बाहेरून आत. निघालेला प्रत्येक भाग कागदावर डावीकडून उजवीकडे मांडत जायचा, म्हणजे शेवटी फुलाचा सगळा आराखडा ओळीत समोर असतो.

सगळ्यात आधी देठ. देठाचं टोक जिथे किंचित फुगतं तो पुष्पाधार. फुलाचे बाकी सगळे भाग याच्यावर बसलेले असतात. वरवर बघता काही काम न करणारी ही जागा, पण सफरचंदात हीच आणि तिला चिकटलेला भाग फुगून गर होतो. सफरचंदाच्या देठाच्या विरुद्ध बाजूला जो खड्डा असतो, त्यात भिंगाने बघा. सुकलेली निदलं, म्हणजे फुलाच्या सगळ्यात बाहेरचे हिरवे भाग, आणि बऱ्याचदा सुकलेले पुंकेसरही सापडतात. ते तिथेच असायला हवेत, कारण ते फूल त्याच बाजूने उघडलेलं होतं.

जास्वंदीत देठाच्या वर आधी बारीक हिरव्या पट्ट्यांची एक झालर येते. ही निदलं नव्हेत. ती उलटी मुडपून काढून टाका. तिच्या आत जो हिरवा पेला आहे तो निदलपुंज. जुन्या पुस्तकांत निदलाला संदल म्हटलेलं आढळेल, वस्तू तीच. पेल्याची टोकं मोजा. पाच. बुडाशी ती एकमेकांना जोडलेली आहेत, म्हणून एकेक वेगळं निघत नाही. आता कळी हातात घ्या, म्हणजे निदलांचं काम वेगळं सांगायला नको. कोवळे भाग आत घट्ट मिटलेले असतात आणि ऊन, कोरडी हवा, कुरतडणारे किडे या सगळ्यांना तोंड देतो तो हा हिरवा पेला. हिरवा आहे म्हणजे थोडंफार अन्नही तयार करतो.

मग पाकळ्या, म्हणजे दलपुंज. कळी आडवी कापली तर त्यांची मांडणी छान दिसते. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड पलीकडच्या शेजारणीच्या खाली. त्यामुळेच कळी पीळ दिल्यासारखी दिसते. उमललेल्या फुलाची एक पाकळी बुडाशी धरून हलकेच ओढा. ती सुखासुखी येत नाही, मधल्या नळीच्या बुडाचा तुकडा घेऊन येते, कारण पाकळ्या आणि नळी तळाशी एकमेकांना चिकटलेल्या आहेत. बोटं बुळबुळीत होतील. ती पुसून मगच पुढे जा, नाहीतर परागकण बोटांना चिकटतात आणि कागदावर काहीच दिसत नाही.

पाकळ्या पाहुण्यांना बोलावण्यासाठी असतात. मात्र पाहुणा कोण त्याप्रमाणे त्यांचं रूप ठरतं. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही, पण आपल्याला न दिसणारे अतिनील किरण दिसतात. त्यामुळे आपल्या डोळ्याला साधी पिवळी दिसणारी कितीतरी फुलं मधमाशीला मधोमध गडद ठिपका असलेली दिसतात. पक्ष्यांना लाल उत्तम दिसतो. रात्री उमलणारी फुलं बहुतेक पांढरी किंवा फिकट आणि वासाची असतात, कारण त्यांच्याकडे पतंग येतात. पाकळ्यांवरच्या रेषा मधाकडे बोट दाखवतात, हे 1793 साली श्प्रेंगेल या जर्मन निरीक्षकाने सविस्तर लिहून ठेवलं. फूल आणि कीटक यांचा हा व्यवहार त्याआधी कोणी इतक्या बारकाईने बघितला नव्हता.

आता उरली मधली नळी. इथे घाई करू नका. नळीच्या वरच्या भागावर चहूबाजूंनी बारीक तंतू फुटलेले आहेत आणि प्रत्येकाच्या टोकाला एक पिवळी गाठ आहे. तंतू आणि गाठ मिळून एक पुंकेसर. गाठ म्हणजे परागकोश. सगळे पुंकेसर मिळून पुमंग. भिंगाखाली परागकोश मूत्रपिंडाच्या आकाराचा दिसतो. कळीतला परागकोश बंद असतो, फुलातला चिरलेला. ते फूल काळ्या कागदावर टिचकी मारून झटका. पडलेली पिवळी पूड म्हणजे परागकण. जास्वंदीचे परागकण इतर बऱ्याच फुलांच्या मानाने चांगले मोठे असतात, त्यामुळे साध्या भिंगातूनही सुटे सुटे दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर काटे दिसतात, आणि ते कीटकाच्या किंवा पक्ष्याच्या अंगाला का चिकटतात याचं उत्तरही तिथेच मिळतं.

मग तो धागा. नळीत सुईचं टोक घालून पात्याने एका बाजूने उभी चीर द्या, वरपासून खालपर्यंत, आणि दोन्ही कडा बाजूला सारा. आतला धागा म्हणजे कुक्षीवृंत. वर त्याला पाच फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला मखमली बोंड असतं, ती कुक्षी. धागा चिमट्याने धरून खाली खाली जा. पेल्याच्या तळाशी एका लहान हिरवट शंकूत तो शिरतो. तो शंकू म्हणजे अंडाशय. कुक्षी, कुक्षीवृंत आणि अंडाशय मिळून स्त्रीकेसर, आणि हे सगळं मिळून जायांग.

कुक्षीचा पृष्ठभाग मखमली का, हे परागकणांची थोडी पूड त्यावर टेकवून भिंगाने बघितलं की कळतं. कण अडकून बसतात. पण अडकलेला प्रत्येक कण रुजतोच असं नाही. हा आपल्या जातीचा आहे का, हे कुक्षी ओळखते. बऱ्याच वनस्पतींत तर स्वतःच्याच फुलाचा पराग आला तरी तो रुजू दिला जात नाही.

अंडाशय आडवा कापा

हा टप्पा बहुतेक लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त सांगणारा टप्पा हाच. अंडाशय दोन बोटांत धरून मधोमध आडवा काप द्या. पातं दाबू नका, ओढा. दाबलं तर आतलं सगळं चेपतं. कापलेल्या तोंडावर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि भिंग लावा. मधोमध एक अक्ष, त्याभोवती पाच कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात अक्षाला चिकटलेले पांढरे, मोत्यासारखे कण. ती बीजांडं. वर पाच फाटे, खाली पाच कप्पे. हे योगायोगाने घडत नाही. पाच स्त्रीकेसर एकत्र जुळून हा एक अंडाशय झालेला आहे आणि वरचे फाटे त्या पाचांची उरलेली सुटी टोकं आहेत.

वहीत लिहा: निदलं 5, जोडलेली. पाकळ्या 5. पुंकेसर अनेक, नळीवर. कुक्षी 5. कप्पे 5. असा आकड्यांचा पाढा प्रत्येक फुलासाठी लिहिला की दोन-तीन आठवड्यांत फुलांची कुळं आपोआप नजरेत बसायला लागतात. लिली उघडलीत तर पाढा तिनाचा येईल. पाकळ्यांसारखे सहा भाग, तेही तीन बाहेर आणि तीन आत, पुंकेसर सहा, कप्पे तीन. तिनाचा पाढा आला की पानाकडे बघा, शिरा समांतर असतील. मुळांचा झुपका असेल. बियेत बीजपत्र एकच असेल. चार किंवा पाचाचा पाढा आला तर बहुधा शिरांची जाळी, एक सोटमूळ आणि दोन बीजपत्रं. अपवाद आहेत, पण पाढा आणि पान दोन्ही एकच सांगत असतील तर निर्धास्त राहावं.

दोरा बांधा

फुलाचा कोणता भाग काय करतो हे कळायचं असेल तर फूल कोमेजल्यावर पुढे काय होतं ते बघितलं पाहिजे. बागेतली जास्वंद सहसा फळ धरत नाही, म्हणून तिच्याच कुळातली भेंडी घ्या. भेंडीचं फिकट पिवळं, मधोमध गडद जांभळं फूल उघडून बघा, आराखडा जवळजवळ तोच. तीच पुंकेसरांची नळी, तोच आतला धागा.

भेंडीच्या दहा फुलांच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधा आणि तारीख लिहा. फूल एका दिवसाचंच असतं, संध्याकाळपर्यंत मिटतं. मग रोज एक तोडून उभं कापायचं. पाकळ्या, नळी, धागा सगळं एका गठ्ठ्यात सुकून गळतं, कारण त्यांचं काम संपलेलं असतं. अंडाशय मात्र थांबतो आणि वाढायला लागतो. पाच-सहा दिवसांत तो बोटाएवढा होतो. आडवा कापलात तर जास्वंदीत भिंगाने पाहिलेले कप्पे आता उघड्या डोळ्यांना दिसतात आणि बीजांडांच्या जागी बिया असतात. अंडाशयाची भिंत म्हणजे फळाची साल, बीजांड म्हणजे बी. मी विद्यार्थ्यांना या दहा कापांची ओळ मांडून दाखवते आणि गप्प बसते. सांगावं लागत नाही.

निदलांचं नशीब मात्र प्रत्येक झाडात वेगळं. टोमॅटोच्या आणि वांग्याच्या डोक्यावरची हिरवी टोपी म्हणजे न गळलेला निदलपुंज. वाटाण्याच्या शेंगेला तर तिन्ही खुणा असतात. देठाशी सुकलेली निदलं, दुसऱ्या टोकाला कुक्षीवृंताचं बारीक आकडं, आणि आत एकाच कडेला चिकटलेले दाणे. शेंग अलगद दुभंगली तर दाणे एक या अर्धुकाला, एक त्या अर्धुकाला असे आलटून पालटून राहतात. इथे कप्पा एकच, म्हणजे स्त्रीकेसर एकच.

यावरून एक उपयोगी खूण सांगते. फळावर दोन व्रण असतात, एक देठाचा आणि एक कुक्षीवृंताचा. बीवर एकच असतो, जिथे ती फळाला चिकटलेली होती. हातातली वस्तू फळ की बी असा प्रश्न पडला की व्रण मोजा. सूर्यफुलाची ज्याला आपण बी म्हणतो ते फळ आहे. टरफल म्हणजे फळाची भिंत, आणि बी टरफलाच्या आत.

पराग अडवून बघा

भोपळ्याच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. ओळखायला फूल उघडावंही लागत नाही. मादी फुलाच्या खाली, पाकळ्यांच्या मागे, इवलासा भोपळा आधीच असतो. तो अंडाशय. इथे तो पाकळ्यांच्या वर नसून खाली आहे, हेही वहीत लिहा. नर फुलाच्या मागे नुसता लांब बारीक देठ.

उद्या सकाळी उमलतील अशा तीन मादी कळ्या शोधा. त्यांची टोकं पिवळसर झालेली असतात. दोन कळ्यांवर आदल्या संध्याकाळी पातळ कापडाची पिशवी बांधा, तिसरी मोकळी ठेवा. सकाळी लवकर एका पिशवीतलं फूल उघडा, ताज्या नर फुलाच्या पाकळ्या तोडून त्याचा पुंकेसरांचा खांब मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवा आणि पिशवी परत बांधा. नर कळीलाही आदल्या दिवशी पिशवी घातली असेल तर उत्तम. दुसरी पिशवी उघडायचीच नाही. काही दिवसांत न उघडलेल्या पिशवीतला इवला भोपळा पिवळा पडून गळतो. पराग पोचलेला वाढायला लागतो. मोकळ्या फुलाचं काय होतं ते मधमाश्यांवर अवलंबून.

1694 साली कामेरारियुस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने जवळपास अशाच रीतीने दाखवून दिलं की वनस्पतींतही नर-मादी भेद असतो. त्यांनी एरंडाची नर फुलं काढून टाकली आणि मक्याच्या कणसाचे रेशमी धागे कापले. बिया धरल्या नाहीत. फुलं ही शोभेची वस्तू नसून प्रजननाची इंद्रियं आहेत, हे असं कात्रीने सिद्ध झालं.

मक्याचं कणीस तर स्वतंत्रपणे बघण्यासारखं आहे. कोवळ्या कणसाची पानं एकेक करून सोला आणि आतला रेशमी धागा बुडापर्यंत न तोडता सोडवा. प्रत्येक धागा एका दाण्यापाशीच संपतो. धागा म्हणजे त्या फुलाचा लांबलचक कुक्षीवृंत आणि कुक्षी. वरच्या तुऱ्यातून उडालेला परागकण धाग्याच्या बाहेर आलेल्या भागावर पडतो, रुजतो आणि त्यातून निघालेली परागनलिका साधारण एका दिवसात धाग्यातून खाली बीजांडापर्यंत पोचते. कणसात दाणे गळालेली भोकं दिसली तर समजावं, त्या धाग्यांना पराग मिळाला नाही.

परागनलिकेतून दोन नरयुग्मकं, म्हणजे नर पेशी, खाली जातात. एक अंडपेशीशी मिळून भ्रूण होतो. दुसरं बीजांडातल्या मधल्या केंद्रकांशी मिळतं आणि त्यातून भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाची शिदोरी तयार होते. हे दुहेरी फलन 1898 साली रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ नावाशिन यांनी पहिल्यांदा ओळखलं. ते डोळ्यांनी बघायला सूक्ष्मदर्शक लागतो, पण त्याचं फळ बघायला लागत नाही. मक्याचा दाणा रात्रभर भिजवा, रुंद बाजू समोर धरून मधोमध उभा कापा आणि कापावर आयोडीनचा थेंब सोडा. मोठा भाग काळानिळा होतो, तो पिठाळ भ्रूणपोष. कडेचा फिकट राहिलेला तुकडा म्हणजे भ्रूण. नारळाचं पाणी हाही भ्रूणपोषच, फक्त पातळ.

पान, खोड, मूळ: बेचकं शोधा

फुलाखालच्या भागांसाठीही जागेचाच नियम. खोडावर जिथून पान फुटतं ते पेर, दोन पेरांमधलं अंतर म्हणजे कांडं. पान आणि खोड यांच्यामधल्या बेचक्यात एक कळी असते. बागकाम करणारे तिलाच बगलफूट म्हणतात. ही कळी सापडली की तिच्या खालचं ते पान. गुलाबाच्या काडीवर पाच-सात हिरवे तुकडे दिसतात, पण प्रत्येकाच्या बुडाशी कळी शोधा, नाही सापडत. ती सापडते सगळ्यांच्या सामाईक देठाच्या बुडाशी. म्हणजे ती पाच-सात पानं नाहीत, एकच पान आहे आणि ते तुकडे म्हणजे पर्णिका.

याच रीतीने काटेही ओळखता येतात. बोगनवेलीचा काटा पानाच्या बेचक्यात येतो, म्हणजे ती बदललेली फांदी. गुलाबाचा काटा कुठेही येतो आणि बाजूला ढकलला की सालीसकट निघतो, म्हणजे तो फक्त सालीचा उंचवटा. निवडुंगाचे काटे ही पानं आणि हिरवा मांसल भाग हे खोड. बटाट्याच्या डोळ्यांत कळ्या असतात, म्हणून तो जमिनीखाली असूनही खोड. रताळ्यावर पेरंच नाहीत, म्हणून ते मूळ. कांदा उभा कापा, तळाची चपटी चकती तेवढी खोड, बाकीचे पापुद्रे पानांचे बुंधे.

या भागांची कामं थोडक्यात. लांब देठाचं पांढरं फूल रंगीत पाण्यात ठेवलं तर काही तासांत पाकळ्यांच्या शिरा रंगतात. तो रंग जलवाहिन्यांतून वर गेला. रसवाहिन्या पानात तयार झालेलं अन्न वाहतात. पानं असलेल्या डहाळीला उन्हात पारदर्शक पिशवी बांधली तर आत थेंब जमतात. पर्णरंध्रांतून बाहेर पडलेलं ते पाणी. मुळांसाठी मोहरीचे दाणे ओल्या कागदावर झाकून ठेवा. दोन-तीन दिवसांत कोवळ्या मुळाभोवती पांढरी लव येते. बुरशी समजून ती फेकू नका. ती मूलरोमं आहेत, प्रत्येक रोम म्हणजे एकच लांबलेली पेशी. पाणी आणि क्षार मुख्यतः तेच शोषतात. रोप उपटून दुसरीकडे लावलं की ते मान टाकतं, कारण ही लव मातीतच तुटून राहते.

फसवी फुलं

हात बसला की मग अवघड फुलं घ्या. बोगनवेलीचे रंगीत कागदी भाग पाकळ्या नाहीत. त्यांच्यावर पानासारखी शीर आहे आणि प्रत्येकाच्या मधल्या शिरेवर एक बारीक नळीदार फूल चिकटलेलं आहे. खरं फूल ते. रंगीत भाग म्हणजे छद, फुलाला आधार देणारं पान.

सूर्यफूल हे एक फूल नाही, शेकडो फुलांचं स्तबक आहे. कडेची पिवळी जिभेसारखी किरणपुष्पकं बोलावण्याचं काम करतात, ती वांझ असतात. मधल्या तबकडीतलं एक बिंबपुष्पक चिमट्याने ओढून काढा. नखाएवढ्या त्या नळीत पाच परागकोश एकमेकांना चिकटून एक गळा झालेला असतो. कुक्षीवृंत त्या गळ्यातून वर सरकताना पिचकारीच्या दट्ट्यासारखा पराग बाहेर ढकलतो, आणि त्यानंतरच कुक्षीचे दोन फाटे उघडतात. आधी देणं, मग घेणं. तबकडी कडेकडून आत उमलत जाते, म्हणून एकाच स्तबकात या सगळ्या अवस्था एका वेळी सापडतात.

कर्दळीने मला सगळ्यात जास्त वेळ लावला. तिचे भडक रुंद भाग पाकळ्या नाहीत, ते पसरट झालेले वांझ पुंकेसर आहेत. खऱ्या पाकळ्या तीन, अरुंद, खाली दडलेल्या. कामाचा परागकोश एकच, तोही अर्धा, एका पसरट भागाच्या कडेला लटकलेला. चित्र काढायला मला चार दिवस लागले आणि अकरा फुलं.

आणि दुहेरी जास्वंद. ती आता उघडायला हरकत नाही. जास्तीच्या पाकळ्या एकेक काढून नीट बघा. काहींच्या कडेला अर्धवट परागकोश चिकटलेला दिसतो. ते पुंकेसरच आहेत, पाकळ्या झालेले. 1790 साली जर्मन कवी गटे यांनी मांडलं होतं की फुलाचे सगळे भाग ही एकाच मूळ अवयवाची, पानाची, रूपं आहेत. 1991 साली कोएन आणि मायरोवित्झ या जनुकशास्त्रज्ञांनी त्यामागची जनुकांची जुळणी दाखवली. जनुकांचे तीन गट, आणि फुलाच्या भागांची बाहेरून आत चार वर्तुळं. पहिला गट एकटा काम करतो तिथे निदल, पहिला आणि दुसरा मिळून पाकळी, दुसरा आणि तिसरा मिळून पुंकेसर, तिसरा एकटा तिथे स्त्रीकेसर. तिसऱ्या गटाचं काम बिघडलं की पुंकेसराच्या जागी पाकळी येते.

हे सगळं एका ओळीत बघायचं असेल तर कुमुदिनीचं फूल मिळवा. बाहेरच्या भागापासून सुरुवात करून एकेक सुटा करा आणि काळ्या कागदावर क्रमाने मांडत जा. आधी बाहेरून हिरवट निदलं, मग रुंद पाकळ्या, मग अरुंद, मग आणखी अरुंद. पुढे एकीच्या टोकाला पिवळी रेघ दिसते, नंतरच्यात ती रेघ जाड होते, खालची पट्टी बारीक होत जाते, आणि शेवटी हातात साधा पुंकेसर येतो. माझ्या वहीत अशी एक ओळ काढलेली आहे. सुरुवातीच्या भागांखाली पाकळी लिहिलंय, शेवटच्यांखाली पुंकेसर. मधल्या चारांखाली मी नुसते क्रमांक घातलेत.